डाग तसाच आहे, म्हणून ऑपरेशन फसलं असं नाही

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी भांडुपला राहते, वय एकसष्ट. पत्र सुनेबद्दल आहे. ती चौतीस वर्षांची, लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करायची. गेल्या वर्षी सोसायटीच्या योगवर्गात भस्त्रिका करून उठली आणि हातातली पाण्याची बाटली सुटून पडली. दहा मिनिटं बोलता येईना. मग आपोआप बरी झाली, आम्ही पित्त समजून सोडून दिलं. महिन्याभरात मोठा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. तपासण्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा मोयामोया नावाचा आजार निघाला. डाव्या बाजूचं बायपासचं ऑपरेशन होऊन आता आठ महिने झाले. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचा गेली होती, ती चार-पाच दिवसांनी आली.

आता हात चालतो, बोलते, पण शब्द अडतात. फोडणी टाकते आणि विसरते. दुपारी झोपल्याशिवाय तिचं चालत नाही. माझी मुलगी म्हणते, वहिनी सोंग करते. परवा नवीन एमआरआय, अँजिओ आणि इंजेक्शन देऊन मेंदूतला रक्तप्रवाह बघतात ती स्पेक्ट झाली. रिपोर्टमध्ये लिहिलंय की डावीकडची जुनी इजा तशीच आहे, मेंदूच्या मुख्य नळ्या आधीपेक्षा जास्त अरुंद झाल्या आहेत आणि उजवीकडे 'रिझर्व्ह कमी' आहे. उजव्या बाजूचंही ऑपरेशन करून घ्या म्हणतात. मुलगा म्हणतो, पहिलंच फसलं, आता दुसरं कशाला? रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर रिपोर्टमधले शब्द शोधत बसतो.

खरंच फसलं का? ती पहिल्यासारखी होईल का? हरतालिकेचा उपास तिने धरावा का, डोक्याला तेल लावलं तर चालेल का? आणि माझ्या नऊ वर्षांच्या नातवालाही हे होईल का?

— एक सासू

ताई, नमस्कार.

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही उतरवून पाठवलेल्या ओळींवरून ऑपरेशन फसलंय असं मला कुठेही दिसत नाही. फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द तिच्या सर्जनचाच. पण अशा फिल्म वाचण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि ज्या तीन ओळींनी तुमच्या घराची झोप उडवली आहे त्या तिन्ही ओळी उत्तम सुधारत असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्येही येतात. रिपोर्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. काय दिसतंय ते त्यात असतं. त्यातलं वाईट काय, अपेक्षित काय आणि चांगलं काय, हे समोर बसून कोणीतरी सांगावं लागतं. ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पहिली ओळ, जुनी इजा तशीच. ती तशीच राहणार. झटक्यात मेंदूचा जेवढा भाग गेला तिथे व्रण तयार होतो, आणि एमआरआय तो व्रण पुढे कितीही वर्षांनी दाखवतो. कुकरच्या वाफेने भाजलेल्या हातावरचा वण जात नाही, तरी तोच हात रोज भाकऱ्या थापतो, तसं आहे हे. आजूबाजूचा शाबूत मेंदू ते काम शिकून घेतो. हे शिकणं साध्या एमआरआयच्या चित्रात उमटत नाही. तुमच्या सुनेचा लुळा पडलेला हात आता चालतो, पण फिल्ममधला डाग एका मिलिमीटरनेही लहान झाला नसेल. म्हणून त्या डागाकडे पाहून सुधारणा मोजू नका. रिपोर्टमध्ये 'डिफ्यूजन' या शब्दाच्या आसपास पाहा. ताजी इजा त्या चित्रात पांढरीशुभ्र दिसते आणि साधारण दोन आठवड्यांत फिकी होते. तिथे 'नवीन काही नाही' असं असेल, आणि जुन्या फिल्मशी ताडून पाहिल्यावरही एखादा नवा डाग सापडला नसेल, तर त्याचा अर्थ असा की या आठ महिन्यांत नवा झटका आलेला नाही. ऑपरेशन केलं होतं ते यासाठीच.

त्यासाठी जुनी फिल्म समोर असावी लागते. पुष्कळ घरांतून नव्या तपासणीला माणूस रिकाम्या हाताने येतो आणि जुन्या सीड्या कपाटात राहतात. मग रिपोर्ट लिहिणारा बिचारा जे दिसतंय तेवढंच लिहितो, आधीपेक्षा बरं की वाईट हे त्याला कळायला मार्ग नसतो. तारखेप्रमाणे लावलेली एक फाईल करा. सगळ्या सीड्या, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद त्यात ठेवा, आणि दर वेळी ती पूर्ण फाईल घेऊन जा.

दुसरी ओळ, मुख्य नळ्या जास्त अरुंद झाल्या. या ओळीवरूनच मुलाने 'फसलं' हा निष्कर्ष काढला असणार. मीही डॉक्टर नसते तर तोच काढला असता. पण या ऑपरेशनमध्ये त्या नळ्या उघडायचा प्रयत्नच केलेला नसतो. हृदयाच्या आजारासारखं कोलेस्टेरॉल साचून हे होत नाही. गळ्यातून वर जाणाऱ्या आतल्या कॅरोटिड रोहिण्या कवटीत शिरून जिथे फांद्या देतात, नेमकं तिथे त्यांचं आतलं अस्तर जाड होत जातं. वाट अरुंद होते, आणि मेंदू जगण्यासाठी बारीक बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं फुटवतो. अँजिओमध्ये ते धुराच्या लोटासारखं दिसतं. जपानमध्ये १९५७ साली ताकेउची आणि शिमिझू यांनी असा रुग्ण पहिल्यांदा नोंदवला. पुढे १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू यांनी अँजिओवरून या आजाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यातली शेवटची पायरी तुमच्या मुलाला मुद्दाम वाचायला सांगा. तिथे आतल्या रोहिणीतून येणारा रक्ताचा पुरवठा जवळपास संपलेला असतो, धुराचं जाळंही नाहीसं झालेलं असतं, आणि मेंदूला रक्त येतं ते बाहेरच्या, म्हणजे डोक्याच्या कातडीला आणि मेंदूच्या आवरणांना रक्त देणाऱ्या वाहिन्यांकडून.

सर्जन नेमकं हेच काम आधीच आणि चांगल्या पद्धतीने करून देतात. कानासमोर बोट ठेवलं की एक नाडी लागते. ती रोहिणी सोडवून घेतात आणि कवटीला खिडकी पाडून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रोहिणीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवतात. ही थेट बायपास, हिच्यातून रक्त त्याच दिवशी सुरू होतं. दुसऱ्या पद्धतीत रोहिणी किंवा कानशिलाचा स्नायू मेंदूवर नुसता अंथरून ठेवतात आणि त्यातून नव्या वाहिन्या हळूहळू फुटू देतात. त्याला तीन ते सहा महिने लागतात, कधी वर्ष. मोठ्या माणसांत बऱ्याचदा दोन्ही एकत्र करतात. म्हणूनच अँजिओ लगेच न करता सहा महिने ते वर्षभराने करतात. तर नवी वाट रुळली की जुनी वाट आणखी आक्रसणं आणि धुराचं जाळं विरळ होणं, हे अपेक्षित आहे. बायपासने भार उचलल्याची ती खूणही असू शकते.

मग अँजिओच्या रिपोर्टमध्ये बघायचं काय? 'ग्राफ्ट पेटंट' असे शब्द शोधा. जोडलेली वाहिनी उघडी आहे, असा त्याचा अर्थ. दुसरं, बाहेरच्या कॅरोटिडमध्ये क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडल्यावर मेंदूच्या मधल्या रोहिणीचा प्रदेश किती भरतो ते. दोन तृतीयांशाहून जास्त भरला तर ए, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश असेल तर बी, त्याहून कमी तर सी. ही मात्सुशिमांची प्रतवारी. सर्जनला सरळ विचारा, 'डावी बाजू ए आहे, बी आहे की सी?' या एका प्रश्नाच्या उत्तरातून मुलाला त्याच्या रात्रीच्या शोधापेक्षा जास्त कळेल.

तिसऱ्या दिवशी वाचा गेली होती त्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मनात भीती घर करून बसली असणार. तो दुसरा झटका असेलच असं नाही. वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या भागात अचानक जोराने रक्त आलं, किंवा रक्ताचे प्रवाह आपली जागा बदलू लागले, की तो भाग काही दिवस गडबडतो. डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर वाचा जाणं हा त्याचा नेहमीचा प्रकार. साधारण एक-दोन आठवड्यांत ते निवळतं. त्या दिवसांत तातडीने एमआरआय करतात तो हेच पाहायला की डिफ्यूजनमध्ये ताजी इजा आहे का. तो एमआरआय फाईलमध्ये असेलच. तो स्वच्छ असेल, तर ते चार-पाच दिवस आता मनातून काढून टाका.

तिसरी ओळ मात्र गंभीरपणे घ्या. उजवीकडे रिझर्व्ह कमी. हा आजार बहुतेकांना दोन्ही बाजूंना असतो. स्पेक्टच्या वेळी दिलेलं ॲसिटाझोलामाइड हे औषध मेंदूच्या रक्तवाहिन्यांना रुंद व्हायला लावतं. (बोटांना मुंग्या आल्या असतील तिला, त्या याच औषधाने.) निरोगी भागात औषधानंतर रक्तप्रवाह वाढतो. पण जिथल्या वाहिन्या तग धरण्यासाठी आधीच पुऱ्या ताणल्या गेल्या आहेत तिथे तो वाढत नाही, कधी उलट घटतो. म्हणजे उजव्या बाजूचं आज भागतंय, पण हाताशी शिल्लक काही नाही. जुलाब, ताप, एखाद्या दिवशी पाणी कमी पडणं, बीपी उतरणं, यातलं काहीही तिथे झटक्याचं निमित्त होऊ शकतं. उजवा भाग अजून शाबूत आहे, आणि तो शाबूत असतानाच वाचवावा असा सर्जनचा विचार दिसतो. मला तो पटतो. ऑपरेशनला धोका नसतो असं मी म्हणणार नाही. पहिल्या काही दिवसांत झटका येण्याचा धोका असतो, म्हणून तुमच्या टीमने अशी किती ऑपरेशनं केली आहेत हे विचारायला संकोच करू नका. दुसरं मत हवं असेल तर केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्या ठिकाणी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. तिथे फक्त रिपोर्टचे कागद नेऊ नका, सीड्या न्या. खर्चाचा घोर असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्या.

आता सुनेकडे येते, कारण तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती रिपोर्टमध्ये नाही. 'सोंग करते.'

ताई, ती सोंग करत नाहीये. या आजारात रक्ताची ओढाताण पहिल्यांदा होते ती बहुधा कपाळामागच्या भागात. तो भाग हात-पाय हलवत नाही, तो कामं लावून देतो. काय आधी, काय नंतर, एकीकडे लक्ष असताना दुसरीकडे काय चाललंय, हे तो सांभाळतो. सकाळचा डबा करणं म्हणजे त्याची परीक्षाच. कांदा चिरायचा, तेल तापतंय, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, मुलगा मोजे मागतोय, इतक्यात दाराची बेल. तुम्ही-मी हे न कळत करतो. तिला यातली प्रत्येक गोष्ट आता मुद्दाम लक्षात ठेवून करावी लागते. बेलला उठून ती दार उघडते, आणि परत येते तेव्हा ती गॅससमोर का उभी होती ते गेलेलं असतं. फोडणी जळते. हात धडधाकट दिसतो म्हणून बघणाऱ्याला वाटतं, हिचं लक्षच नाही. खरं तर दिवसभरात तुमच्या मुलीपेक्षा दुप्पट लक्ष तिने खर्च केलेलं असतं, आणि दुपारी ते संपतं. झटक्यानंतरचा थकवा झोपून उठलं की जातो तसला नसतो, आणि इच्छाशक्तीने तो रेटता येत नाही. रेटला तर संध्याकाळी शब्द जास्त अडतात. बघा, तुमच्याही लक्षात आलं असेल.

म्हणून स्वयंपाकघराची पद्धत थोडी बदला. एका वेळी एकच शेगडी. सगळं चिरून, मोजून, वाट्यांत काढून ओट्यावर मांडलं की मगच गॅस पेटवायचा. पेटवताना मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावायचा, आणि तो वाजला की आधी गॅसकडे बघायचं. त्या वेळात टीव्ही बंद. बेल वाजली तर तुम्ही उठा. आणि एखादा पदार्थ तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीला करू द्या. अर्धवट झाला की हातातून काढून घेऊ नका, मीठ दोनदा पडलं तरी. दुपारची झोप थकून कोसळल्यावर न घेता जेवणानंतर ठरलेल्या वेळी, अर्धा-पाऊण तास. सगळ्यात अवघड काम सकाळी, डोकं ताजं असताना.

शब्द अडतो तेव्हा तो घाईने पुरवू नका. 'कोथिंबीर' आठवत नसेल तर 'हिरवी, भाजीवर घालतो ती' असं तिला म्हणू द्या. आडवळणाने का होईना, शब्दापर्यंत ती स्वतः पोचली की ती वाट पक्की होत जाते. पण घरच्या प्रयत्नांवर भागवू नका. वाचाउपचार सुरू नसतील तर आजही उशीर झालेला नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, त्यानंतर ती मंदावते, थांबत नाही. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवण यांसाठीची केंद्र सरकारची. हाजीअलीला केंद्र सरकारचीच पुनर्वसन संस्था आहे, तिथे फिजिओथेरपी आणि हाताने करायच्या कामांचं प्रशिक्षण मिळतं. स्मृती आणि एकाग्रता मोजणाऱ्या चाचण्या असतात, त्या एकदा करून घ्या. त्या मराठीतून व्हाव्यात असा आग्रह धरा, नाहीतर परक्या भाषेत अडखळली म्हणून आजाराच्या खात्यावर गुण कमी पडायचे. त्या चाचणीचा कागद हातात आला की सोंगाची चर्चा बंद होईल. मुलीलाही त्या दिवशी बरोबर न्या.

आणखी एक. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला औदासीन्य येतं. ती गप्प गप्प असेल, पूर्वी आवडायच्या गोष्टींत मन लागत नसेल, कारण नसताना डोळे भरत असतील, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे आणि त्याने बाकीच्या सुधारणेलाही हातभार लागतो. स्वतःची तुलना ती रोज आजाराआधीच्या स्वतःशी करत असणार. पहिल्यासारखी होईल का, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळ होईल. हिशेबाची घाई, गर्दीतलं बोलणं, एकाच वेळी चार गोष्टी, हे कदाचित पूर्ण परत येणार नाही. ऑफिसशी बोलून सुरुवातीला अर्धा दिवस, घरून काम, आणि आकडे दुसऱ्याने तपासायचे, असं जमतंय का बघा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तिला पाठवू नका. धक्काबुक्कीचा प्रश्न आहेच, पण त्या गोंगाटातच तिची दिवसभराची ताकद संपून जाईल. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं तर लोकलचा राखीव डबा वापरता येतो. त्यात कमीपणा मानू नका.

उपासाचं तुम्ही स्वतःहून विचारलंत, बरं केलंत, कारण सुना हे सासूला विचारत नाहीत, निमूट धरतात. हरतालिका निर्जळी. तिने ती अजिबात धरू नये. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब कमी होतो, आणि उजवीकडे शिल्लक नाही हे आत्ताच पाहिलं. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसेल तर दिवसभर थोडं थोडं पाणी चालू राहू दे. ऑक्टोबरच्या उन्हात आणि मासिक पाळीच्या दिवसांत जास्त. उलट्या-जुलाब लागले आणि पाणी पोटात टिकत नसेल तर घरी लिंबू-सरबतावर दिवस काढू नका, रुग्णालयात जाऊन सलाइन लावून घ्या. उपास सोड असं तिला तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून आलं तर तिच्या मनाला टोचणार नाही.

भस्त्रिका आणि कपालभाती कायमची बंद. योगवर्गामुळे आजार झाला असं मात्र मनात आणू नका, आजार आधीपासून होता, तो त्या दिवशी उघडा पडला. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. लहान मुलांत हाच झटका मोठमोठ्याने रडल्यावर किंवा गरम जेवणावर फुंकर मारत बसल्यावर येतो. म्हणून फुगे फुगवणं नको, शंख फुंकणं नको. सावकाश, सहज श्वासाचे प्रकार डॉक्टरांना विचारून करू दे. फिट येण्याची शंका आली तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, त्यात रुग्णाला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. तंत्रज्ञाला आधीच सांगा, 'हिला मोयामोया आहे, हे करायचं नाही.' दाढ काढायची असो की कुठलं छोटं ऑपरेशन, भूल देणाऱ्याला हे कळलंच पाहिजे. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू असेल तर कोणाच्या सांगण्यावरून परस्पर थांबवायची नाही, दाताच्या डॉक्टरांच्याही नाही. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर ते न्यूरोच्या डॉक्टरांना सांगा, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या अशा रुग्णांना सहसा देत नाहीत.

तेल जरूर लावा, टाके पूर्ण भरलेत ना हे एकदा विचारून. पण डावीकडे, कानासमोरून वर कानशिलापर्यंत, चोळायचं नाही. तिथेच ती जोडलेली रोहिणी वर चढते आणि कातडीखालून आत जाते. बाकी डोक्याला हलक्या हाताने चंपी करा, तिला बरं वाटेल. त्या बाजूला चष्म्याची दांडी रुतत असेल तर चष्म्याच्या दुकानात जाऊन सैल करून घ्या. घट्ट रुमाल किंवा हेअरबँड नको. मुलाच्या बाइकवर तिने सध्या बसूच नये. हेल्मेट दाबतं म्हणून बिनहेल्मेटची बसायची असा तोडगा काढू नका, रिक्षा करा. कातडीला बधिरपणा, खाज, घास चावताना कानशील दुखणं, हे महिनोन्‌महिने राहू शकतं, त्याला घाबरू नका.

घाबरायचं कशाला, तेही लिहिते. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, बोलणं बरळल्यासारखं किंवा बंद होणं, एकदम दिसेनासं होणं, आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं दुखणं. यातलं काही झालं तर दहा मिनिटांत बरं झालं तरीही निघायचं. पित्त म्हणून थांबायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, तोंडात पाणी घालायचं नाही. १०८ ला फोन करा, ती शेवटची नीट किती वाजता होती ते घड्याळात बघून लिहून ठेवा, आणि ती फाईल बरोबर घ्या. ज्या रुग्णालयात न्याल तिथे पहिल्या वाक्यात मोयामोया आणि बायपास हे दोन शब्द सांगा. त्यावर उपचार ठरतात.

मुलाला माझा एक निरोप द्या. त्याने रात्रीचा शोध थांबवून एका कागदावर चार प्रश्न लिहावेत: ग्राफ्ट उघडा आहे का, डावी बाजू ए-बी-सी यातली कुठली, जुन्या फिल्मशी ताडून नवीन इजा आहे का, आणि उजवीकडचं ऑपरेशन पुढे ढकललं तर काय धोका. तो कागद घेऊन ओपीडीत जावं, सुनेलाही आत न्यावं. डोकं तिचं आहे, निर्णयही तिच्यासमोर व्हावा.

राहिला नातू. बहुतेक रुग्णांच्या घरात हा आजार दुसऱ्या कोणाला नसतो. जपानमध्ये साधारण दहा-पंधरा टक्के रुग्णांच्या कुटुंबात आणखी कोणी सापडतं, आणि २०११ साली आरएनएफ २१३ या जनुकाशी त्याचा संबंध सापडला. पण तो जनुकातला बदल असलेल्या बहुतेकांना आयुष्यात आजार होत नाही. त्यामुळे त्याला काही त्रास नसताना जनुकाची तपासणी करायला धावू नका. वारंवार डोकं दुखणं, रडल्यावर किंवा धावल्यावर एखादा हात-पाय थोडा वेळ लुळा पडणं, क्षणभर शब्द न सुचणं, असं काही दिसलं तर मात्र मुलांच्या न्यूरो डॉक्टरांकडे न्या. रक्तवाहिन्यांचा एमआरआय इंजेक्शनशिवाय आणि किरणोत्साराशिवाय होतो, त्यात बरंच कळतं. शाळेतल्या बाईंनाही एकदा सांगून ठेवा, म्हणजे खेळाच्या तासाला असं काही झालं तर 'नाटक करतोय' म्हणून त्याला कोपऱ्यात बसवून ठेवणार नाहीत, तुम्हाला फोन करतील.